हातांना ठाऊक असलेली विद्या



ह्या व्यासपीठावर बोलायला येणारांच्या नावापुढे बहुधा पदव्या असतात. आमच्या नावापुढे एकही नाही. जिनिंगच्या धुळीत आम्ही वाढलो, वाचनालयाच्या बाकावर वाचायला शिकलो आणि संघटनेच्या कामात कायदा शिकलो. तेव्हा आजचा विषय आमच्या घरचाच आहे. माणसाने काम करता करता जे ज्ञान मिळवले, त्याबद्दल महाविद्यालयाने त्याला श्रेयांक द्यावेत की नाही, हा तो प्रश्न.

आमच्या ओळखीचे एक फिटर आहेत. शाळा सातवीत सुटली. रेच्यातून सरकी फुटून पडू लागली किंवा सरकीला रुई चिकटून राहू लागली, की रोलरच्या खाचा झिजल्या का सुरीचा दाब चुकला, हे ते सरकी तळहातावर घेऊन सांगतात. नवे पदविकाधारक तरुण पहिला हंगाम त्यांच्याच हाताखाली काढतात. पण वरची जागा निघाली तेव्हा ती त्या तरुणांपैकी एकाला मिळाली. फिटरना कागद विचारला गेला. तो त्यांच्यापाशी नव्हता.

दोष मालकाला देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण करार काढून पाहिला, तो त्यात ‘प्रमाणपत्रधारक’ हा शब्द होता, आणि त्याखाली सही आमची होती. पगारवाढीच्या आकड्यावर आम्ही रात्रभर भांडलो, आणि ह्या एका शब्दावरून नजर तशीच पुढे गेली. त्या रात्रीपासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे.

आता कोणी म्हणेल, हे नवेच खूळ आहे. तसे नाही. फ्रान्सने २००२ साली कायदा करून अनुभवाच्या आधारावर पदवी पूर्णतः किंवा अंशतः मिळवण्याचा हक्क नागरिकांना दिला. उमेदवार आपल्या कामाचा वृत्तांत लिहितो, परीक्षक मंडळासमोर बसतो आणि मंडळ निर्णय देते. आपल्याकडे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. शाळा पुरी न केलेल्यांनाही पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीच्या वर्गात येण्याची वाट त्याने काढून दिली. ते उपकार मोठे. पण ते दार होते. आत गेल्यावर मात्र तीस वर्षे काम केलेला आणि काल मिसरूड फुटलेला, दोघांनाही पहिल्या धड्यापासूनच बसावे लागे.

२०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात साधारण तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक धरला आहे. अनुभवालाही स्थान आहे. शिक्षणानंतर त्याच क्षेत्रात सात वर्षांहून अधिक काम केले आणि ते तपासणीत उतरले, तर मूळ श्रेयांकांना दुपटीपर्यंत वजन मिळू शकते. ऐकायला गोड आहे. पण मंडळी, गणित पाहा. दुप्पट कशाची करायची? ज्याच्यापाशी मूळ श्रेयांकच नाहीत, त्याच्या शून्याची दुप्पट शून्यच! म्हणून आधी त्याच्या हातातल्या विद्येचे मोल ठरवून पाया घातला पाहिजे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. पण ते प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर अडता कामा नये.

प्राध्यापक मंडळी म्हणतात, ‘अशाने पदवी स्वस्त होईल.’ ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. वीस वर्षे काम केलेल्या प्रत्येकाचे ज्ञान वीस वर्षांचे असते असे नाही. काहींनी एकच वर्ष वीस वेळा काढलेले असते. म्हणून श्रेयांक नोकरीच्या वर्षांना देऊ नका, शिकलेल्या गोष्टींना द्या. परीक्षा अवश्य घ्या, कसून घ्या. मात्र ती यंत्रापाशी घ्या, मराठीतून घ्या आणि रोज न बुडवता घ्या. परीक्षकांत एक प्राध्यापक असावा, तसा एक जुना कारागीरही असावा. आणि जे येत नाही, ते शिकवा. आमच्या फिटरना यंत्राचा आवाज कळतो, पण आराखड्याचा कागद वाचता येत नाही. तेवढे शिकायला ते आनंदाने वर्गात बसतील. जे येते तेच पुन्हा शिकण्यासाठी कशाला बसवायचे?

आपल्या भागातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांना शाळा लाभली नव्हती. तरी गावोगाव खराटा चालवून आणि कीर्तन करून त्यांनी जे शिकवले, ते कोणत्या वर्गात मिळाले असते? त्यांचे नाव आपण वेशीवर लावले. आता त्यांच्यासारख्या हातांना आत जागा द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

तोवर आमच्या संघटनेने एक लहानसे काम आरंभले आहे. प्रत्येक कामगाराला एक वही दिली आहे. कोणते काम केले, काय बिघडले, कसे दुरुस्त केले आणि कोणाला शिकवले, हे त्याने तारखेसह लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या घरची शाळकरी पोर लिहिते. त्या फिटरांची दुसरी वही आता भरत आली आहे. आणि पुढच्या कराराच्या मसुद्यात ‘प्रमाणपत्रधारक’ ह्या शब्दापुढे ‘अथवा तपासणीत उतरलेला कारागीर’ एवढे शब्द आम्ही आमच्या हाताने घातले आहेत. ते टिकवण्यासाठी मात्र रात्रभर भांडू.