नळी चांदीची, आत काय?

अलिबागच्या इस्रायल आळीत बेने इस्रायली घराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, एक लहानशी नळी ठोकलेली दिसते. ती मेझुझा. तिचे मोल आत गुंडाळलेल्या चर्मपत्रात असते. त्यावर तोराहमधले दोन उतारे, 22 ओळींत 713 अक्षरे, लेखनिकाने हाताने लिहिलेली लागतात. एक अक्षर गळाले तरी मेझुझा बाद!

गिऱ्हाईक मात्र पाहते नळीवरची नक्षी. मग आत छापील कागद सरकवणाऱ्यांचे फावते. कागद ओळखणे सोपे. गळलेले अक्षर संगणकही दाखवतो. पण अक्षरे क्रमानेच लिहायची असतात. एखादे मागाहून घुसडले असेल, तर ते पुढे कोणालाच कळत नाही. तिथे लेखनिकाच्या सचोटीवरच भिस्त.

किमतीत एक षष्ठांशाहून जास्त लुबाडणूक झाली, तर ज्यू धर्मशास्त्र व्यवहारच रद्द ठरवते. बाद मालाचेही तेच. पण दाद मागायला पुरावा हवा. म्हणून ‘हस्तलिखित, चर्मपत्रावर’ असे शब्द आणि लेखनिकाचे व तपासनिसाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. शिवाय सात वर्षांतून दोनदा चर्मपत्र उघडून तपासायचे असते. कोकणच्या दमट हवेत तर ते टाळूच नये.