मुलांच्या हातीं पैसा

मुलाला पोहणें शिकवावयाचें म्हणजे त्याला पाण्यांत उतरवावें लागतें, हें कोणताहि बाप जाणतो. पैशाच्या बाबतींत मात्र सुशिक्षित घरांतून नेमकी उलट रीत दिसते. काटकसरीवर उपदेश पुष्कळ होतो, ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण पाठ करवून घेतली जाते. परंतु मुलाच्या हातीं स्वतःचा असा पैसा कधीं पडत नाहीं. हवें तें मागावें, न मिळाल्यास रुसावें, रुसून मिळवावें, एवढाच त्याचा व्यवहार. असा मुलगा पैसा वापरावयास शिकत नाहीं. तो आईबापांना वापरावयास शिकतो.

यावर उपाय जुनाच आहे. ठराविक वारीं ठराविक रक्कम मुलाच्या हातीं द्यावी आणि तींतून त्यानें काय भागवावयाचें तें आधींच ठरवून द्यावें. समजा, दहा वर्षांच्या मुलीला दर सोमवारीं शंभर रुपये मिळतात. पेन्सिली, मधल्या सुटींतील खाऊ आणि मैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटी त्यांत भागवावयाच्या आहेत. बुधवारींच पैसे संपले आणि शुक्रवारीं मैत्रिणीचा वाढदिवस आला. आईबापांची खरी परीक्षा या वेळीं असते. बापानें खिशांत हात घातला किंवा आजीनें पदराआडून नोट पुढें केली, कीं शिक्षण तेथेंच थांबलें. तिनें स्वतःच्या हातानें शुभेच्छापत्र रंगवून नेलें, तर त्या एका शुक्रवारीं ती जें शिकेल तें वर्षभराच्या उपदेशानें शिकणार नाहीं. बालपणची चूक शंभर रुपयांत भागते. तीच चूक पहिल्या पगारानंतर झाली तर तिची किंमत फार मोठी होते.

दुसरें साधन जमाखर्चाच्या वहीचें. लंडनमध्यें १८८८ ते १८९१ या काळांत कायद्याचा अभ्यास करीत असतां गांधीजी बसभाडें आणि टपालखर्च यांपर्यंत पैन्‌पैचा हिशेब ठेवीत व रात्रीं निजण्यापूर्वीं शिल्लक जुळवीत. पुढें लाखोंचे सार्वजनिक निधि काटकसरीनें हाताळतां आले तें या संवयीमुळें, असें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. मुलाची वही आईबापांनीं आठवड्यांतून एकदां पाहावी. पण ती न्यायाधीशाच्या नजरेनें पाहूं नये. ‘हें कां घेतलेंस?’ यापेक्षां ‘हें पुन्हां घेशील का?’ हा प्रश्न अधिक शिकवितो.

या शिक्षणाची निकड आतां वाढली आहे. १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. दुकानांत जाणारें मूल ते मोजून देई, उरलेले मोजून घेई. मूठ हलकी झालेली त्याला कळे. २०१६ पासून यूपीआय आलें आणि आई चौकोनी चिन्हासमोर मोबाईल धरते व वस्तु पिशवींत पडते, एवढेंच मुलाला दिसतें. कांहीं कमी झालें हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून आरंभीं रोख पैसेच हातीं द्यावे, आणि मोबाईलवरून खर्च झाल्यावर उरलेली शिल्लक मुलाला दाखवावी.

मूल दहा वर्षांचें झालें कीं बँकेशीं ओळख करून द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणें या वयापासून, बँकेच्या नियमांत बसेल तेवढ्या मर्यादेंत, मुलाला स्वतः बचत खातें चालवितां येतें; मात्र त्यांत उणी शिल्लक होऊं द्यावयाची नाहीं, असा दंडक आहे. त्याच वेळीं व्याजाचीं दोन्ही रूपें दाखवावीं. हजार रुपये शेंकडा सात दरानें चक्रवाढीनें ठेवले तर दुप्पट होण्यास सुमारें दहा वर्षें लागतात. तेंच हजारांचें कर्ज दरमहा शेंकडा तीननें थकलें, तर दोन वर्षांतच दुपटीवर जातें. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे दर या आसपास असतात. हें गणित मुलानें स्वतः कागदावर मांडावें, म्हणजे व्याज कधीं चाकर असतें आणि कधीं धनी होतें हें त्याला उमजेल.

मात्र नुसता सांठा करणें म्हणजे शहाणपण नव्हे. हेतूवांचून सांठविणारें मूल कवडीचुंबक होण्याचा संभव असतो. कांहीं भाग आज खर्चण्यास, कांहीं पुढील एखाद्या वस्तूसाठीं आणि थोडासा दुसऱ्याच्या उपयोगीं, अशी वांटणी त्यानें स्वतः करावी. थोडक्या पैशाचें बळ महाराष्ट्रानें पाहिलेंहि आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला, आणि त्यांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे: मुलाशीं खरें बोलणें. नवा मोबाईल मागितल्यावर ‘पैसे नाहींत’ म्हणावयाचें आणि आठ दिवसांनीं दिवाणखान्यांत नवें कोच आणावयाचें, यानें मूल काटकसर शिकत नाहीं, खोटें बोलणें मात्र शिकतें. ‘पैसे आहेत, पण ते आजोबांच्या औषधासाठीं आणि शाळेच्या फीसाठीं ठेवले आहेत,’ असें सांगितलें तर दहा वर्षांच्या मुलालाहि तें समजतें. आणि घरांत खरोखरच ओढ असेल, तर तीहि त्याच्यापासून झांकूं नये. घराच्या अडचणींत ज्याला विश्वासानें सामील करून घेतलें जातें, तें मूल हट्ट सोडतें तें भयानें नव्हे, तर घर आपलें आहे या जाणिवेनें. आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याची खरी सुरुवात त्या जाणिवेपासून होते.