शेवटच्या मुक्कामासाठी शर्यत

लंडन शहराच्या आग्नेय भागात सिडनहॅम नावाची वस्ती आहे. तेथे सन १९६७ मध्ये डॉ. सिसिली साँडर्स या विदुषीने सेंट ख्रिस्तोफर नावाचे एक रुग्णालय उघडले. रुग्णालय म्हणावयाचे खरे. परंतु तेथे आलेला मनुष्य रोगमुक्त व्हावा, अशी अपेक्षा त्या घराकडून कोणी करीत नाही. इंग्रजीत त्यास हॉस्पिस म्हणतात. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंच्या विसाव्यासाठी मठांतून ज्या धर्मशाळा असत, त्यांचेच हे नाव. ज्या व्याधीपुढे वैद्यांनी हात टेकले, तिची निदान वेदना तरी हरण करावी आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्यांचीही काळजी वाहावी, हे या घराचे कार्य होय.

या घराचा पहिला निधी एका निर्वासिताचा. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा तरुण १९४८ साली लंडनच्या इस्पितळात मरणोन्मुख पडला होता. साँडर्सबाई तेव्हा डॉक्टरही नव्हत्या. त्याने ५०० पौंड त्यांच्या हवाली केले, ते त्यांच्या भावी घराला एक खिडकी व्हावी म्हणून. बाई पुढे वैद्यक शिकल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि खिडकीभोवती घर उभे राहावयास एकोणीस वर्षे लागली. २००५ साली त्यांनी देह ठेवला, तोही त्याच घरात.

आता प्रश्न द्रव्याचा. इंग्लंडात अशा घरांतील शुश्रूषेबद्दल रोग्याकडून एक पैही घेत नाहीत. सरकारकडून मिळते ते स्थूलमानाने खर्चाच्या एकतृतीयांश. बाकीचे लोकांनी द्यावयाचे. जुन्या कपड्यांची दुकाने, मृत्युपत्रातील देणग्या, आणि शर्यती!

लंडनची मॅरेथॉन २९ मार्च १९८१ रोजी प्रथम धावली गेली. भर पावसात एक अमेरिकन व एक नॉर्वेजियन असे दोघे आघाडीवर होते, आणि त्यांनी हातात हात घालून बरोबरच रेषा ओलांडली. पहिला कोण, हा प्रश्नच उरला नाही. त्या शर्यतीने आजवर धर्मादायासाठी एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मिळवून दिली आहे. व्यवस्था साधी आहे. संस्था आयोजकांकडून काही जागा विकत घेते व त्या इच्छुकांस देते. इच्छुक मनुष्य ठराविक रक्कम जमवून देण्याचे वचन देतो, आणि मग आप्तेष्ट, शेजारी, कचेरीतील सहकारी यांच्यापुढे हात पसरतो. स्वतःसाठी मागताना जीभ अडखळते, दुसऱ्यासाठी ती मोकळी होते, हा मनुष्यस्वभाव या योजनेने अचूक ओळखला आहे.

हॉस्पिससाठी धावणाऱ्यांत पुष्कळसे असे असतात की, ज्यांचे आईवडील वा जोडीदार तेथेच निवर्तले. अशा आजारपणात घरची स्त्री महिनोन्महिने सलग झोपलेली नसते. औषधाची वेळ चुकेल या धास्तीने ती घड्याळाकडे पाहत बसते. मुलांना काय सांगावे, हेही तिला उमजत नाही. सेंट ख्रिस्तोफरच्या परिचारिका १९६९ पासून घरोघर जाऊ लागल्या, त्या केवळ रोग्यासाठी नव्हेत. मृत्यूनंतरही त्या कुटुंबाची विचारपूस चालू राहते. पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर जे रितेपण येते, त्यात पहाटे उठून धावावयास जाणे हा कित्येकांना मोठाच आधार वाटत असावा.

तथापि मरणाऱ्याची शुश्रूषा दुसऱ्याच्या पायांच्या बळावर अवलंबून असावी, हे काही भूषण नव्हे. शर्यतीचे उत्पन्न एका वर्षी भरघोस, दुसऱ्या वर्षी बेताचे. परिचारिकेचा पगार मात्र दरमहा द्यावाच लागतो. सरकारने आपला वाटा उचलावा, हे मागणे शर्यतीमुळे मागे पडता कामा नये.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्रे येथे, १९८६ साली सुरू झाले. ते शांती अवेदना सदन. तेथेही शुश्रूषा विनामूल्य असते. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासूनची. ती जानेवारीत होते, आणि धावणारा तीतही एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करू शकतो. ज्यांस बेचाळीस किलोमीटर झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी थोड्या अंतराच्या शर्यती असतात. ज्येष्ठ नागरिकांची तर वेगळीच असते, आणि तीत काठी टेकीत चालणाऱ्यासही कोणी हसत नाही.