जमिनीखालचा सांधा आणि कामगाराचे शिक्षण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

आजचा विषय आपल्यापैकी अनेकांना परका वाटेल. उष्णतेची जाळी चालविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कामगारांचे शिक्षण, हा तो विषय. ज्या प्रदेशात वैशाखात घरावरचे पत्रे तापून जीव नकोसा होतो, तेथे घरे उबदार ठेवण्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. दहा हजार तरुणांची भाषा त्या वेळी झाली आणि व्यवसायांच्या यादीत प्लंबर, वायरमन यांच्याबरोबर घरे तापविण्याच्या यंत्रणेचे कारागीरही होते. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

उष्णतेचे जाळे म्हणजे काय? थंड देशांतील शहरांत घरोघरी वेगळी भट्टी पेटविण्याऐवजी एका केंद्रात पाणी तापवितात आणि जमिनीखालच्या नळांतून वस्तीला पुरवितात. एका नळाने गरम पाणी जाते, दुसऱ्याने निवलेले परत येते. पुष्कळदा हे केंद्र म्हणजे वीजकेंद्रच असते. वीज निर्माण करून उरलेली उष्णता घरांना मिळते. आपल्या साखर कारखान्यात चिपाडावर तयार झालेली वाफ आधी टर्बाइन फिरविते आणि मग रस उकळते. तत्त्व तेच.

डेन्मार्कचे उदाहरण समाजवाद्यांनी अभ्यासण्याजोगे आहे. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी त्या देशाची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. १९७९ मध्ये तेथे उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. आज सुमारे दोन तृतीयांश घरांना अशा जाळ्यांतून उष्णता मिळते. पुष्कळशी जाळी नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्याच सहकारी संस्थांच्या मालकीची आहेत आणि खर्चापेक्षा अधिक आकार घेण्यास कायद्याने मनाई आहे.

परंतु मालकी सामाजिक झाली म्हणजे सर्व साधले, असे नाही. आधुनिक नळात आत पोलाद, त्याभोवती फेसाचे आवरण आणि वर प्लॅस्टिकचे कवच असते. फेसात बारीक तारा घातलेल्या असतात. ओल शिरली की त्या तारांवरून गळतीची जागा समजते. पाण्यातील क्षार आणि प्राणवायू काढून टाकावे लागतात, नाहीतर पोलाद आतून गंजते. अशा जाळ्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे दोन नळांमधील सांधा. तो कामगार खड्ड्यात उतरून, पावसापाण्यात, हाताने करतो. सांधा कच्चा राहिला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. खड्डा बुजतो, बिल चुकते होते. दोष उघडा पडतो तो काही वर्षांनी, आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो.

येथेच बाजारपेठेचा हिशेब चुकतो. शिक्षणाचा खर्च आजचा, लाभ मात्र पुढच्या तीस वर्षांचा. शिवाय एका मालकाने शिकविलेला कामगार चार पैसे अधिक देऊन दुसरा मालक नेतो. म्हणून प्रत्येक मालक शिकविण्याचे टाळतो आणि शिकलेल्यांचा तुटवडा आहे अशी तक्रारही करतो. हा दुष्टपणाचा प्रश्न नव्हे, रचनेचा आहे. त्याचे उत्तरही सामूहिकच असू शकते.

दुर्लक्षाची किंमत कोण देतो, ते युक्रेनमधील अल्चेव्स्क शहराने जानेवारी २००६ मध्ये पाहिले. कडाक्याच्या थंडीत मुख्य नळ फुटला, घराघरांतील नळ गोठून फुटत गेले आणि मुलांना दुसऱ्या गावी हलवावे लागले. शिक्षणाने जीर्ण लोखंड नवे होते, असा माझा दावा नाही. परंतु कोणता नळ आधी बदलावा, हे जाणत्या कामगारावाचून कळत नाही, आणि कळले तरी त्याचे ऐकणारी व्यवस्था लागते.

जर्मनीत १९६९ च्या कायद्याने या शिक्षणाची घडी बसविली. तापनयंत्रणेचा कारागीर साडेतीन वर्षे शिकतो. आठवड्यातील काही दिवस कामावर, काही शाळेत. या काळात त्याला वेतन मिळते. अभ्यासक्रम ठरविताना कामगार संघटनांनाही स्थान असते. त्या देशात २०२४ पासून नगरपालिकांना उष्णतेचे नियोजन बंधनकारक झाले आहे. कागदावरचे नियोजन जमिनीत उतरविणारे हात मात्र त्यांना अपुरे पडतात, म्हणून आमच्या मुलांची आठवण होते.

आमच्या मुलांनी जावे की नाही? अवश्य जावे. पण कोणत्या अटींवर, हे विचारणे आपले काम आहे. भाषा आणि व्यवसाय शिकण्याचा खर्च तरुणाच्या बापाने जमीन गहाण टाकून करावयाचा काय? त्याला तेथे पूर्ण कारागिराचे प्रमाणपत्र आणि तेथील कामगाराइतकेच वेतन मिळणार, की तो खड्ड्यातला स्वस्त मदतनीस ठरणार?

आणि येथे राहणाऱ्यांचे काय? अनेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यातील कामगारांसाठी मी रात्रीचा वर्ग घेत असे. तेथील एक वयस्कर फायरमन नळाच्या आवाजावरून वाफेत पाणी साचल्याचे ओळखी. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची त्याची इच्छा होती. अभ्यासासाठी रजा काही मिळाली नाही. त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त झाले. साखर, दूध, औषधे, कापड, या साऱ्या धंद्यांत वाफेचे नळ आहेत. उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. आयटीआयमध्ये वाफ आणि उष्णतेच्या देखभालीचे नेटके शिक्षण, कामावरील कामगाराला पगारी रजा आणि अनुभवाला परीक्षेतून मान्यता, एवढे आपण मागितले पाहिजे.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या आयटीआयमध्ये जाऊन किती निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत याची नोंद करावी. लढ्याची सुरुवात त्या कागदापासून होईल.