'आणि' कोणाला द्यायचा?

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्याने पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर, आणि पदरचे पैसे खर्चून नाटक बघणारे रसिकहो,

क्रांती चौकात आपलं मनापासून स्वागत. मी लॉजवाला. स्वागताध्यक्ष व्हायला रंगभूमीची जाण लागत नाही, खोल्या लागतात, हे समितीने मला आधीच स्वच्छ सांगितलं होतं. पण नट मी जेवढा जवळून पाहिलाय, तेवढा समीक्षकानेही पाहिला नसेल. समीक्षक तिसऱ्या घंटेला येतो. मी पहाटे बसमधून उतरलेल्या, एका डोळ्यात कालचं काजळ राहिलेल्या नटाच्या हातात किल्ली देतो.

आमच्या रजिस्टरात 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. काल एकाने तिथे 'कलावंत' लिहिलं. मागच्याने ते वाचलं आणि 'ज्येष्ठ कलावंत' लिहिलं. तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही, काळा चष्मा वर केला आणि काउंटरवरच्या पोराकडे नुसतं बघितलं. पोराला वाटलं पेन चालत नाही. त्याने दुसरं दिलं.

आज सकाळी नाट्यदिंडी निघाली ती महाराजांच्या पुतळ्यापासून. 2022 साली बसवलेला हा अश्वारूढ पुतळा चौथऱ्यासकट एवढा उंच आहे, की त्याच्याखाली उभं राहिलं की सगळे सारखेच दिसतात. जागा त्यासाठीच निवडली होती. उपयोग शून्य. पालखी उचलायची वेळ आली तेव्हा एकाचा खांदा दुखत होता, एकाला ऊन सोसत नव्हतं, एकाचा मेकअप व्हायचा होता. तेवढ्यात टीव्हीवाले आले. पुढच्या दोन मिनिटांत पालखीच्या दांडीला हात लावायला जागा उरली नाही. नटराजाची मूर्ती बिचारी डुगडुगायला लागली. कॅमेरा वळला तसे खांदेही वळले, आणि उरलेला रस्ता पालखी नेली ती नेपथ्य लावणाऱ्या चार पोरांनी.

याच चौकातला तो काळा चबुतरा. 1857 मध्ये इथल्या घोडदळाने बंड केलं, त्याची शिक्षा शिपायांनी इथे भोगली. कोणाला फास, कोणी तोफेच्या तोंडी. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला सांगता येत नाहीत. आणि त्याच चौकात काल रात्री फ्लेक्सवर आपला फोटो अर्धा फूट लहान आला म्हणून एक गृहस्थ जेवले नाहीत. पहाटे त्यांनी गुपचूप दोन आम्लेटं मागवली, ती गोष्ट वेगळी.

निमंत्रणपत्रिकेची कथा तर विचारू नका. डॉ. काशीनाथ घाणेकरांचं ठाऊक आहे ना? नामावली वाचून व्हायची, निवेदक जरा थांबायचा आणि म्हणायचा, 'आणि... डॉ. काशीनाथ घाणेकर!' थिएटर दणाणून जायचं. 2018 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याचं नावही तेच. पण त्या माणसाने 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये संभाजी उभा केला, 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्या उभा केला. तो 'आणि' त्यांनी कमावला होता. आमच्याकडे 'आणि' आधी मागतात, भूमिका कोणती ते मागाहून विचारतात. शेवटी छापखान्यातून फोन आला, "साहेब, सगळ्यांच्या आधी 'आणि' आलाय. स्वल्पविरामाचं काय करू?"

याच शहरात, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात, प्रा. लक्ष्मण देशपांडे शिकवत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकट्याचा खेळ, पात्रं 52, गिनीज बुकात नोंद. आता 52 पात्रांना एक नट नाही, एका पात्राला 52 अटी. आरशाभोवती बल्ब हवेत, खोलीखाली वरातीचा बँड नको, शेजारच्या खोलीत दुसरा नट तर मुळीच नको. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, 'जिगीषा'ची सगळी मंडळी इथूनच मुंबईला गेली. त्यांच्याविषयी मी चार लोकांत काही बोलणार नाही. घरची माणसं आहेत, घरी बोलू.

डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला नाव दिलं 'लमाण'. लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवणारा, एवढंच त्यांचं नटाविषयीचं म्हणणं. आपल्या मुलखात धान्य, मीठ वाहून नेणारे लमाणांचे तांडे नवे नाहीत. पण धान्य आपणच पिकवलं, असं म्हणणारा लमाण काही माझ्या ऐकिवात नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा लॉजवाला स्वागत करतोय की उट्टं काढतोय? तसं नाही. गर्व नसलेला नट मलाही नको. शेकडो माणसं अंधारात गप्प बसवायची आणि उजेडात एकट्याने उभं राहायचं, हे भिडस्ताचं काम नव्हे. ती ऐट आम्ही तिकीट काढून बघतो. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे, की प्रयोग संपल्यावर मिशी उतरते, टोप उतरतो, तलवार पेटीत जाते, राजेपण तेवढं अंगावर राहतं. मागे एका महाराजांनी रात्री एक वाजता इंटरकॉम उचलला आणि गरजले, "कोण आहे रे तिकडे?" रात्रपाळीचा पोऱ्या झोपेतच म्हणाला, "तिकडं तुम्ही आहात. मी इकडं आहे."

असो. सूत्रसंचालकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, आणि त्यांनाही माइक प्रिय आहे. तेव्हा जेवणाचं सांगतो. मंडपाच्या मागे पंगती आहेत. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पहिली पंगत रंगमंच कामगार, कपडेपटवाले आणि प्रकाशयोजनेच्या पोरांची, कारण त्यांना चारच्या प्रयोगाचा सेट लावायचाय. दुसरी रसिकांची. पत्रिकेत ज्यांनी शेवटचं नाव मागून घेतलं होतं, त्यांची पंगत शेवटची. तोवर वांगी संपली तर पिठलं टाकायला सांगून ठेवलंय.