हजरत अलींचे घराणे



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली; पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीत रात्री बत्ती लावून झाले. तेव्हा ‘कामगारांचा माणूस आज मजुरीवर न बोलता हजरत अलींच्या वंशावळीवर का बोलतो?’ असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आमचे उत्तर एवढेच की, आम्ही मजुरीवरच बोलणार आहोत. वाट थोडी लांबची आहे.

लहानपणी आमच्या गावी मोहरमात पंजे उठत. धरणारे हात बहुधा हिंदूंचेच असत. ती पाच बोटे कोणाची, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. पुढे कळले की ते एक घर आहे : पैगंबर मुहंमद, त्यांची कन्या फातिमा, जावई अली, आणि नातू हसन व हुसेन. या घरातील अलींना सुन्नी चौथे खलिफा मानतात, शिया पहिले इमाम मानतात. आदर दोहोंकडे सारखाच.

आता हे घराणे वरून खाली पाहू. मक्केत कुरैश टोळीला एकत्र वसवणारा पुरुष कुसय्य. त्याचा मुलगा अब्द मनाफ. अब्द मनाफचे दोन मुलगे, हाशिम आणि अब्द शम्स, आपल्या कथेला पुरेसे आहेत. हाशिमचे खरे नाव अम्र. दुष्काळात त्याने भाकरी रश्श्यात कुस्करून लोकांस खाऊ घातली, म्हणून कुस्करणारा, अर्थात् हाशिम, हे नाव पडले. म्हणजे ज्या घराण्याच्या कुलीनतेचा एवढा बोलबाला, त्याचे नाव मुळात भाकरीवरून आलेले आहे. हा व्यापारी माणूस प्रवासात गाझा येथे वारला. त्याची पत्नी सलमा मदिनेच्या बनू नज्जार कुळातली. तिचा मुलगा शैबा आजोळी वाढला. काका मुत्तलिब त्यास उंटावर आपल्यामागे बसवून मक्केत घेऊन आला, तेव्हा लोकांना वाटले की मुत्तलिबने गुलाम विकत आणला. ‘अब्दुल मुत्तलिब’, मुत्तलिबचा गुलाम, हे नाव त्यास जन्मभर चिकटले. पैगंबरांचे आणि अलींचे आजोबा ते हेच. मंडळी, थोर वंशाच्या पाटीवर एक नाव भाकरीचे आणि एक गुलामीचे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

अब्दुल मुत्तलिबचे पुत्र अबू तालिब. त्यांच्या पत्नी फातिमा बिन्त असद याही हाशिमच्याच नात. म्हणून इ. स. ६०० च्या सुमारास जन्मलेले अली आई आणि बाप या दोन्हीं बाजूंनी हाशिमी. पण घरात मान होता, धान्य नव्हते. एका दुष्काळात अबू तालिबचा भार हलका करावा म्हणून नातलगांनी मुले वाटून घेतली : जाफर अब्बासांकडे गेला, अली मुहंमदांच्या घरी आले, अकील बापाजवळ राहिला. पुढे अलींनी पैगंबरांच्या कन्येशी लग्न केले, तेव्हाही जात्याने फातिमेच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला माणूस मागायला ती वडिलांकडे गेली आणि रिकाम्या हातांनी, फक्त जप शिकून परतली, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे.

आता आमच्या विषयाचा हजेरीपट येतो. दुसरे खलिफा उमर यांच्या काळी जिंकलेल्या मुलखांतून पैसा येऊ लागला. तो वाटायचा कसा? इ. स. ६४० च्या सुमारास त्यांनी ‘दीवान’ म्हणजे नोंदवही करविली. तिच्यासाठी वंशावळी तोंडपाठ असलेली तीन माणसे नेमली. त्यांत एक होते अलींचे थोरले बंधू अकील. लिहिणाऱ्यांनी खलिफाचे कूळ वर घातले, तर उमरांनी ते खोडायला लावले आणि पैगंबरांच्या नातलगांपासून सुरुवात करून आपले कूळ जिथे येईल तिथेच लिहा, असे बजावले. माणूस न्यायी होता. मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा उसामा यास त्यांनी स्वतःच्या मुलापेक्षा जास्त वर्षासन दिले. तथापि पद्धत श्रेणीची होती : पैगंबरांशी नाते किती जवळचे, इस्लाम आधी स्वीकारला की नंतर, बद्रच्या लढाईत होता की नव्हता, यांवर रक्कम ठरे.

इ. स. ६५६ मध्ये अली खलिफा झाले. श्रेणीच्या यादीत ज्यांचे नाव सर्वांत वर यावे असा हा पुरुष. आणि त्यांनीच सरकारी खजिना सर्वांस सारखा वाटला. अरब आणि बिगर-अरब, जुना आणि नवा, असा भेद ठेवला नाही. त्यांच्यावर जी नाराजी ओढवली तिचे हे एक कारण होते, असे इतिहासकार सांगतात.

अशा वेळी अकील त्यांच्याकडे आले. मुलांचे चेहरे भुकेने काळवंडलेले. मागणे काय, तर सर्वांच्या गव्हांतून एक माप जास्त. अलींनी लोखंडाचा तुकडा तापवून भावाच्या अंगाजवळ नेला. अकील ओरडले. तेव्हा अलींनी विचारले की, माणसाने तापविलेल्या लोखंडाला तू भितोस, आणि मला त्याहून मोठ्या आगीत लोटतोस काय? हा प्रसंग ‘नहजुल बलागा’ या संग्रहात आहे. तो इ. स. १००० च्या सुमारास बगदादेत शरीफ रझी यांनी सिद्ध केला. रझी स्वतः अलींचे वंशज, आणि त्यांचे काम काय होते? अलींच्या वंशजांच्या नोंदी ठेवणारा अधिकारी! वंशाचा हिशेब ठेवणाऱ्यानेच ही गोष्ट जपून ठेवली.

ही गोष्ट आम्ही प्रथम पुस्तकात वाचली नाही. ती आम्हांस एका म्हाताऱ्या मागवाल्याने सांगितली, आणि का सांगितली तेही आज सांगणे प्राप्त आहे. वीसएक वर्षांपूर्वी काही कारखान्यांत काम बंद होते. दर घरामागे आठवड्याला ठरलेले धान्य आमच्या हातून वाटले जाई. आमचा सख्खा भाऊ त्याच कामगारांत. त्याच्या घरी आजारपण होते, मुले तीन. एका संध्याकाळी तो मागच्या दाराने आला. बोलला काही नाही, पिशवी पुढे केली. श्रोतेहो, आम्ही लोखंड तापवले नाही. आम्ही पिशवी भरली. पुढच्या आठवड्यातही भरली.

गोष्ट लपली नाही. सभेत एका बाईने उभे राहून विचारले, ‘माझीही तीनच मुले आहेत, माझी पिशवी कुठे आहे?’ आम्हांस उत्तर देता आले नाही. आठवड्याभरात अर्धे लोक कामावर परतले, आणि लढा मोडला. त्या रात्री म्हाताऱ्या चाचांनी कचेरीत येऊन अकीलची गोष्ट सांगितली. आम्ही रागावलो, म्हणालो, ‘चाचा, भावाची मुले उपाशी पाहून असे करणारा माणूस निर्दय म्हणावा.’ चाचा म्हणाले, ‘मग त्या मुलांचे पुढे काय झाले ते वाच.’

म्हणून आम्ही वाचू लागलो. अकीलचा मुलगा मुस्लिम. इ. स. ६८० मध्ये हुसेनने त्यास आपला दूत म्हणून कूफ्यास पाठविले. शहराने पाठ फिरवली आणि मुस्लिम तेथे मारला गेला. त्यानंतर करबल्यात हुसेनबरोबर अकीलचे आणखीही मुलगे पडले. ज्या घराला एक माप गहू नाकारला गेला, त्याच घराने नाकारणाऱ्याच्या मुलासाठी रक्त दिले. भावाने न्याय केला, हे त्या घराला उमगले असले पाहिजे. आमच्या भावाला आम्ही गहू दिला, आणि त्याला सभेत मान वर करता येईना. पुढे तो गाव सोडून गेला. त्याचे आम्ही भले केले असे आज आमच्याने म्हणवत नाही.

करबल्यात समोरच्या बाजूला सत्ता होती यझीदची. त्याचा पिता मुआविया. त्याची वंशावळ अबू सुफियान, हर्ब, उमय्या, अब्द शम्स अशी चढत त्याच अब्द मनाफला पोहोचते. म्हणजे दोन्ही पक्ष एका पणज्या-खापरपणज्यांची लेकरे. रक्त एक असल्याने न्याय होतो, हा भ्रम इतिहासाने तेथेच पुसला आहे. हुसेनच्या मुलांपैकी अली झैनुल आबिदीन आजारी असल्याने लढले नाहीत आणि वाचले. हुसेनचा वंश त्यांच्यापासून चालला. हसनच्या वंशजांतून मोरोक्को आणि जॉर्डनची राजघराणी आपले मूळ सांगतात. मुंबईस येऊन राहिलेल्या आगाखानांच्या घराण्याची वंशपरंपराही १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात चर्चिली गेली.

आणि आमचे मागवाले? उत्तरेकडून भिवंडी-मालेगावास आलेल्या या विणकरांना ‘जुलाहा’ म्हणून हिणवले जाई. त्यांनी मदिनेच्या अन्सारांशी नाते सांगून ‘अन्सारी’ हे नाव घेतले, १९२० च्या दशकात मोमीन कॉन्फरन्स उभारली. कोणी हसतात, की कागदोपत्री पुरावा कुठे आहे? आम्ही त्यांना सलमेची आठवण देतो. ती बनू नज्जारची, म्हणजे पुढे ज्यांना अन्सार म्हटले त्यांचीच लेक, अलींची पणजी. अन्सार हे अलींच्या आजोबांचे आजोळ आहे. पण विणकराच्या प्रतिष्ठेला या नात्याची तरी गरज का पडावी? त्याच्या हाताचे कापड पुरावा म्हणून पुरेसे का नसावे?

चाचा आता नाहीत. आमच्या कचेरीत धान्यवाटपाची ती जुनी वही आहे. भावाच्या नावापुढे दोन आठवडे जादा माप लिहिलेले आहे. तेव्हा लिहिले नव्हते, नंतर आम्ही स्वतः लिहिले. नवीन कार्यकर्ता आला की ते पान आम्ही त्यास आधी दाखवितो.