खोऱ्याचे पाणी आणि पाणलोटाचा हक्क

(मानोरा येथे शेतकरी-शेतमजुरांच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



मानोऱ्यात उभे राहून गोदावरीविषयी बोलणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या तालुक्यातून वाहणाऱ्या अरुणावतीचे पाणी पुढे पैनगंगेत जाते; पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. आपल्या बरड रानावर पडणारा पाऊस गोदावरीच्या हिशेबातील पाऊस आहे. त्या हिशेबात आपले नाव कोठे आहे, एवढाच आजचा प्रश्न.

गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात येतो. या पाण्याचा तंटा सोडविण्यासाठी केंद्राने १९६९ मध्ये न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. त्याचा निवाडा होण्यापूर्वीच, ६ ऑक्टोबर १९७५ रोजी, महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. निम्न पैनगंगेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा ८८ टक्के, आंध्रचा १२ टक्के ठरला. १९८० च्या अंतिम निवाड्याने अशा करारांवर शिक्कामोर्तब केले. ज्यांच्या शिवारांतून पाणी वाहते त्यांना विचारण्याची रीत एरवीही नव्हती. त्या आणीबाणीत तर विरोधाची सोयच नव्हती.

राज्यांनी समजुतीने तंटा मिटविला, हे चांगलेच झाले. माझा आक्षेप निराळा आहे. राज्याराज्यांत वाटणी झाली. राज्याच्या आतली वाटणी मात्र राहून गेली. वाशीमकडील पैनगंगेचे पाणी इसापूरच्या धरणात साठते आणि मुख्यतः हिंगोली-नांदेडकडे जाते. तेथील शेतकरी आपला वैरी नव्हे. कोरडवाहूचे चटके त्यानेही सोसले आहेत. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या बुडीत क्षेत्रातील गावे धरणाला विरोध करीत आली आहेत. पाणी देणारा, घेणारा आणि पाण्याखाली जाणारा हे तिघे एकमेकांसमोर उभे ठाकतात. निर्णय घेणारा चौथाच असतो.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. पण त्याच कायद्यातील राज्य जल परिषदेची पहिली बैठक होण्यास २०१५ साल उजाडले. नदीखोऱ्याची अभिकरणे म्हणून मान्यता मिळाली ती पाटबंधारे महामंडळांनाच. धरण बांधणारा आणि पाण्याचा न्याय करणारा एकच असेल, तर दाद कोणाकडे मागावयाची?

पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल. भूमिहीनालाही वाटा असेल. ऊस घेतला जाणार नाही, असे तेथे ठरले. पाण्याची मालकी जमिनीच्या सातबाऱ्यापासून सोडविता येते, हे तेथे सिद्ध झाले.

वैनगंगेचे पाणी पश्चिम विदर्भात आणणाऱ्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. पाणी येईल तेव्हा येईल. त्यापूर्वी उपखोऱ्यानिहाय वाटणी लेखी जाहीर झाली पाहिजे, ती ग्रामसभांपुढे आली पाहिजे आणि तिच्यात तांड्यावरील भूमिहीनाचा वाटा नोंदला गेला पाहिजे. कालवे आधी आणि न्याय मागाहून, हा क्रम आपण एकदा सोसला आहे. तो पुन्हा सोसण्याचे कारण नाही.